वादळानंतर बागेत काय काढायचं, काय ठेवायचं आणि कशाची घाई करायची

ताई, फोटो सगळे बघितले. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो: घर इंदूरच्या सुदामा नगरात, पुढे-मागे मिळून छोटी बाग, नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपता संपता गारांसकट जी आंधी आली तिच्यात आंब्याची एक मोठी फांदी खोडापासून चिरून लोंबकळतेय, पेरू आडवा झालाय, शेवगा मधूनच मोडला, पारिजातक कललाय, गच्चीवरच्या कुंड्या फुटल्या आणि मागच्या वाफ्यात पाणी तुंबलंय. आणि शेजारचे म्हणतायत की पाऊस तोंडावर आलाय, सगळं काढून टाका, नवीन लावा.

माझं अर्ध आयुष्य इंदुरातल्या लोकांच्या बागा सांभाळण्यात गेलं, स्वतःची छोटी नर्सरी आहे, म्हणजे तुम्ही सगळं उपटून नवीन लावलंत तर फायदा माझ्यासारख्यांचाच, तरी सांगतो की सगळं काढू नका. वादळानंतर घाई करायची ती मुळांची. उघडी पडलेली बारीक मुळं या उन्हात काही तासांत सुकून जातात, आणि फांदी मेली की जिवंत हे कळायला मात्र महिना-दीड महिना लागतो. लोक नेमकं उलटं करतात, पहिल्याच दिवशी कोयता घेऊन सगळ्या फांद्या साफ करतात आणि आडवं पडलेलं झाड "रविवारी बघू" म्हणून तसंच उन्हात ठेवतात. त्यात आपल्या शहराचा स्वच्छतेत सारखा पहिला नंबर यायला लागल्यापासून अंगणात पालापाचोळा दिसला की आपले हात शिवशिवतात, ते जरा आवरा.

झाडाला हात लावायच्या आधी एकच बघा, कुठली फांदी विजेच्या तारेला टेकलीय का, अगदी घरात येणाऱ्या केबलला सुद्धा. टेकली असेल तर ओल्या झाडाच्या जवळही जायचं नाही, 1912 वर फोन करायचा आणि लाइनमन येऊन लाइन बंद करेपर्यंत थांबायचं. आणि लोंबकळणाऱ्या फांदीखाली मुलांना, कुत्र्याला फिरकू देऊ नका, अशा फांद्या वादळात पडत नाहीत, दोन दिवसांनी साध्या झुळकीनं पडतात. गच्चीवरचं पाणी जायचं भोक पाल्यानं बुजलं असेल तर तेही आजच मोकळं करा.

आता पेरू. फोटोत एका बाजूची मुळं अजून जमिनीत दिसतायत, साधारण निम्मी तरी असावीत, आणि खोड मनगटापेक्षा थोडं जाड. असं झाड उभं राहतं. खोड मांडीएवढं असतं तर मी नाही म्हटलं असतं, मोठी झाडं क्रेननं उभी करता येतात पण त्यांची पकड परत तशी बसत नाही आणि पुढच्या आंधीत ती कुणाच्या तरी गाडीवर जातात. तर सगळ्यात आधी उघड्या मुळांवर ओली बोरी (गोणपाट) टाका, ती सुकू द्यायची नाही, उभं करायला माणसं उद्या येणार असली तरी बोरी आत्ताच. मग ज्या बाजूची मुळं वर आलीत त्यांच्या खालची माती उकरून खड्डा करायचा, कारण नुसतं झाड ओढून उभं केलं की वर आलेली मुळं खाली वाकतात, मोडतात नाहीतर हवेत राहतात. तुटून चिंधड्या झालेल्या मुळांची टोकं धारदार कटरनं स्वच्छ कापा, फक्त टोकं. मग दोघा-तिघांनी हळूहळू उभं करा, दोर बांधून हिसका मारू नका, हिसक्यात उरलेली मुळंही जातात आणि दोराखालची साल सोलते. तीच माती परत भरा, थोडी माती थोडं पाणी असं करत, म्हणजे आत पोकळी राहत नाही. पायानं तुडवू नका, आपली काळी माती ओली असताना तुडवली की सुकल्यावर विटेसारखी होते. खड्ड्यात शेणखत नाही, युरिया तर अजिबात नाही, दोन महिने नाही. जखमी मुळांना खत झेपत नाही, वरून तीन-चार इंच पाल्याचं आच्छादन घाला आणि ते खोडापासून वीतभर लांब ठेवा, एवढं पुरे.

टेका देताना लोक एक बांबू खोडाला चिकटवून सुतळीनं करकचून बांधतात. सुतळी खोडात रुतते आणि झाड हलायचंच थांबलं की ते जाड मुळं करत नाही, त्याला टेक्याचीच सवय लागते. तीन बाजूंनी तीन दोर, झाडाच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या उंचीवर, खोडाला लागेल तिथे सायकलची जुनी ट्यूब, आणि दोर थोडे सैल, वाऱ्यात झाड इंचभर डुललं पाहिजे. खुंट्या लाकडाच्या नको, काळी माती पावसात फुगते आणि खुंट्या आपोआप ढिल्या होतात, दीड-दोन फूट लांबीचे लोखंडी अँगल तिरके ठोका आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर ताण परत बघा. टेका वर्षभर ठेवायचा. पेरूचा शेंडा-पसारा चौथ्या हिश्शानं कमी केलात तरी चालेल, त्याला छाटणी मानवते.

पंधरा दिवसांत पानं गळायला लागतील, घाबरू नका. गळणारी पानं म्हणजे झाड जिवंत आहे, स्वतः पानं सोडतंय. भीती वाटायला हवी ती पानं जागच्या जागी वाळून फांदीला चिकटून राहिली तर, तशी फांदी बहुतेक गेलेली असते. शंका आली की नखानं साल किंचित खरवडून बघा, खाली हिरवं ओलसर असेल तर थांबा, तपकिरी कोरडं असेल तर थोडं खाली येऊन परत बघा, जिथे हिरवं लागेल तिथपर्यंत फांदी जिवंत. हे रोज करू नका हो, झाडाच्या अंगभर ओरखडे होतात.

आंब्याचं काम माळ्याकडून करून घ्या, पण समोर उभं राहून. लोंबकळणारी फांदी एका फटक्यात खोडाजवळून कापली तर ती स्वतःच्या वजनानं पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते, तुमच्या फोटोत अर्धी सोललेली दिसतेच आहे. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून हातभर लांब, फांदीच्या खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे वजन तिथेच तुटून पडतं. मग उरलेलं खुंट काढायला तिसरा, आणि खरी गोम इथेच आहे. फांदी जिथे खोडाला जुळते तिथे सालीचा फुगीर गोल पट्टा असतो, तो सोडून, त्याच्या लगेच बाहेर कापायचं. जखम भरणारी साल त्याच पट्ट्यातून येते. माळी लोकांना खोडाशी सपाट कापलेलं छान वाटतं, दिसतंही छान, पण पट्टा गेला की जखम नीट भरत नाही आणि काही वर्षांत तिथे पोकळी होते. उलट चार-सहा इंचाचं खुंट सोडलं तर ते कुजतं आणि कूज आत नेतं.

सोललेल्या सालीचं असं की चीर ताजी असती, त्याच दिवसाची, आत ओल असती तर साल परत बसवून पट्टीनं बांधता आली असती, आता ती सुकलीय, तेव्हा तिची सुटी कड धारदार चाकूनं घट्ट सालीपर्यंत कापून घ्या, आतलं लाकूड कोरू नका. मग खोडाचा घेर मोजा. जखमेची रुंदी घेराच्या चौथ्या हिश्शापर्यंत असली तर आंबा ती भरून काढेल. निम्म्याच्या वर गेली तर झाड जगलं तरी भरवशाचं नाही, आणि ते घराकडे किंवा रस्त्याकडे कललेलं असेल तर काढायचा विचार करावा लागेल. पण स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी ते तोडायला नगर निगमची परवानगी लागते, मध्य प्रदेशात शहरी झाडांसाठी 2001 चा कायदा आहे, तेव्हा आधी फोटो काढून अर्ज, मग करवत. फोटोवरून मला तरी तशी वेळ आलेली दिसत नाही.

जखमेवर काय लावायचं? डांबर, ऑइल पेंट, गेरू-तेल काही नको, त्याच्या आड ओल कोंडते आणि कूज वाढते. कोरड्या दिवसांत मी उघडीच ठेवतो. पण आता पाऊस येतोय आणि आंब्यावर बुरशी लवकर येते, म्हणून बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये, वेगवेगळं विरघळवून मग एकत्र, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या किंवा पत्र्याच्या नाही. लोखंडी चाकू क्षणभर बुडवून काढा, त्यावर तांब्यासारखा लाल थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवायची. आणि माळ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगा, आंब्याचा चीक उततो.

अजून एक गोष्ट आंब्याबाबत जवळजवळ सगळे विसरतात. इतकी वर्षं सावलीत असलेलं खोड आणि आतल्या फांद्या आता उघड्या पडल्यात, पाऊस लागेपर्यंतचं चाळीसच्या वरचं ऊन थेट सालीवर येणार, साल भाजते, तडकते, आणि मग त्या फटींतून खोडकिडा शिरतो. म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या बाजूनं उघड्या सालीला पातळ चुना मारून घ्या. पुढे पावसाळ्यात खोडाच्या बुडाशी भुसा पडलेला किंवा भोकातून चोथा येताना दिसला तर तो खोडकिडा, भोकात तार घालून आतली अळी मारायची, रॉकेल किंवा पेट्रोलचा बोळा सारायचा आणि वरून चिखलानं बंद करायचं. बाकी फांद्यांना यंदा हात नाही. आकार देणं वगैरे पुढच्या वर्षी फळं उतरल्यावर, कारण एका हंगामात चौथ्या हिश्शापेक्षा जास्त पसारा गेला तर झाड सावरत नाही, आणि तुमचा तेवढा वादळानंच नेलाय.

पडलेल्या कैऱ्यांचं विचारलंत. वर्षभराचं लोणचं त्यांचं घालू नका, मार लागलेली कैरी आतून काळी पडते आणि बरणी खराब करते. मेथांबा, तक्कू, पन्हं, लगेच संपेल असं काहीही.

शेवगा मोडला त्याचं दुःख करू नका, तो मोडायचाच, लाकूडच ठिसूळ. तीन-साडेतीन फुटांवर तिरका स्वच्छ काप घ्या, महिन्याभरात फुटेल आणि शेंगा हाताशी येतील. मोडलेल्या फांदीचे हातभर तुकडे दोन दिवस सावलीत ठेवून लावले तर तेही लागतात. केळ पडली असेल तर बुडापासून कापा, बाजूची पिल्लं आहेतच. पपई मोडली असेल तर मी ठेवत नाही, खोड पोकळ असतं, पाणी भरतं, कुजते, आणि नवी पपई वर्षभरात फळं देते मग कशाला. पारिजातक चिवट आहे, नुसता कललाय, माती ओली आहे तोवर हळू सरळ करून पेरूसारखा टेका द्या. मोगरा, कढीपत्ता, जास्वंद निर्धास्त छाटा. गुलाब छाटताना कलम कुठे आहे ते बघा, त्याच्या खालून येणारा जोमदार फुटवा रानगुलाबाचा असतो, तो काढला नाही तर दोन वर्षांनी तुमचा गुलाब नाहीसा होतो. तुळस गेली असेल तर वाळलेल्या मंजिऱ्या चुरून टाका, पावसात उगवतील. अडेनियमची मोडलेली फांदी चार-पाच दिवस सावलीत सुकवून मग लावा, चीक ओला असताना लावली तर सडते. फुटलेल्या कुंड्यांतल्या झाडांना लगेच नवी कुंडी नसेल तर मातीच्या गोळ्यासकट जुन्या पिशवीत, बादलीत, कशातही ठेवा, सावलीत, खाली भोक पाडून.

गारांनी पानांच्या चाळण्या झाल्यात म्हणता, ती फाटकी पानं तोडू नका, फाटलेलं पानही अन्न करतं आणि झाडाला आत्ता तेच हवंय. सालीवर गारांचे टोचे असतील तर पाऊस लागायच्या आत कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक 3 ग्रॅम प्रति लिटर एकदा फवारा, संध्याकाळी. लॉनवरचा पाला मात्र दोन-तीन दिवसांत उचला, खालचं गवत पिवळं पडून सडतं.

तुंबलेल्या वाफ्यात कुदळ घेऊन उतरू नका, हे सांगून सांगून थकलो मी. माळव्याच्या काळ्या मातीत जी चिकणमाती आहे ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना खणली की ढेकळं होतात आणि वर्षभर फुटत नाहीत. कडेनं एक चर काढून पाणी बाहेर द्या, बास. मग मूठभर माती घेऊन गोळा करा, टिचकी मारल्यावर गोळा फुटला तर खणायला हरकत नाही, नुसता चेपला तर अजून थांबा. रेती आणून टाकायचा सल्लाही कुणीतरी देईलच, काळ्या मातीत दोन-चार पाट्या रेती टाकून काही होत नाही, झाली तर अजून घट्ट होते. तिला हवं असतं कुजलेलं खत, आणि ते तुमच्या अंगणातच पडलंय.

ज्या पद्धतीनं जगभर कंपोस्ट करतात तिचं नावच इंदूर पद्धत आहे, आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. 1924 ते 1931 या काळात ती बसवणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये होते, जमीन होळकर दरबारानं दिलेली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे, आणि त्यांच्या बरोबरीनं रसायनाचं काम केलं ते यशवंत वाड यांनी. पद्धत साधी: पाला, बारीक काड्या, गवत असं मिसळून सहा इंचाचा थर, त्यावर दोन इंच ताजं शेण, त्यावर थोडी गोठ्यातली माती आणि चुलीची राख, पाणी शिंपडायचं, परत पाला. तीन-चार फूट उंच झालं की थांबायचं. पंधरा दिवसांनी पहिला पलटा, मग अजून पंधरा दिवसांनी दुसरा, सुरुवातीपासून दोन महिन्यांनी तिसरा, तीन महिन्यांत खत तयार. पहिल्या आठवड्यात आत हात घातला तर चटका बसला पाहिजे, साठ अंशांच्या आसपास जातं, नाही तापलं तर शेण कमी पडलंय किंवा कोरडं आहे. कोरड्या दिवसांत ते खड्ड्यात करत आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग करत, कारण खड्ड्यात पाणी भरलं की सडतं आणि वास येतो. तुम्हीही आता खड्डा करू नका, ढीगच करा, वरून ताडपत्री. टणक काड्यांसाठी त्यांची युक्ती मला फार आवडते, कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून जाणाऱ्या बैलगाड्यांखाली चुरडून घ्यायचे. तुम्ही गेटच्या आत पसरा, साहेबांची गाडी आत-बाहेर होतेच. मनगटाएवढी जाड लाकडं मात्र त्यात नको, आणि ती आंब्याच्या बुंध्याशी रचूनही ठेवू नका, वाळवी आधी लाकडाला लागते मग झाडाला. ती कुणा गरजूला जाळायला देऊन टाका.

पेरू का पडला हेही एकदा बघून घ्या, नाहीतर पुढचंही पडेल. तो घराच्या उलट बाजूला पडलाय आणि घराच्या बाजूला नवीन पेवर दिसतायत. पेवर बसवताना किंवा नळाची लाइन टाकताना त्या बाजूची मुळं कापली गेली असतील तर झाडाला ओढून धरणारं त्या बाजूला काही उरत नाही, वारा आला की ते उलट दिशेला जातं. इंदुरातली निम्मी अंगणं आता अशीच झालीत, झाडाभोवती फूटभर चौकोन सोडायचा आणि बाकी सिमेंट. निदान तीन फूट तरी मोकळी माती ठेवा. दुसरं, रोज पाइपनं वरच्यावर पाणी मारलं की मुळं वरच राहतात, आठवड्यातून एकदा-दोनदा पण खोलवर मुरेल असं द्या.

आणि नवीन काही आणायचंच असेल तर पाऊस नीट लागल्यावर, जुलैत. नर्सरीत, माझ्याकडे आलात तरी, रोप पिशवीतून काढून दाखवायला सांगा. मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरलेली असतील तर घेऊ नका, तसं रोप जमिनीतही गोलच फिरत राहतं आणि पाच-सात वर्षांनी थोड्या वाऱ्यात उपटतं. उंच आणि भरगच्च रोपापेक्षा बुटकं, जाड खोडाचं बरं. आंब्याचं कलम घेतलंत तर जोड जमिनीच्या वर चार बोटं राहील असं लावा आणि जोडावरचं प्लास्टिक काढायला विसरू नका.